थर्माकोलच्या मागून

माझ्या तोंडासमोर त्यांनी थर्माकोलचा बोर्ड आणून उभा केला.

पांढरा, माणसाच्या उंचीचा बोर्ड. शूटिंगमध्ये तो लाईट परतवायला वापरतात. दिवा बोर्डावर मारायचा, मग तो उजेड मऊ होऊन हिरॉईनच्या गालावर पडतो. त्या दिवशी त्याचा आणखी एक उपयोग निघाला. माझा चेहरा झाकायचा.

मी बोर्डाच्या मागं, हिरॉईन मॅडम बोर्डाच्या पुढं. असिस्टंटनं काळ्या टेपचे दोन तुकडे तोडले आणि साधारण माझं नाक असेल तिथं बोर्डावर फुली मारली. डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, फुलीकडे बघा. मावशी मागून बोलतील."

मॅडम म्हणाल्या, "थँक्यू सर. आता बरं वाटतंय."

सेटवर चाळीस-पन्नास माणसं होती. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आणि मी? मी पण मागं गेले की. "सरका मावशी" म्हटल्यावर सरकले. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जे केलं त्याची फुशारकी मारायला मी बसलेली नाही. आधी मी मागं गेले. मुकाट्यानं गेले.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बोलकी बाई गप कशी बसली? तर त्याची सवय फार जुनी.

मी मलकापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आमची घरं ओढ्याच्या पलीकडं, बौद्धवाडीत. चौथीत होते. गुरुजींनी गॅदरिंगला राणीचं नाटक बसवलं. मला ते अख्खं पाठ झालं. राणीचं, प्रधानाचं, भालदाराचं, सगळ्यांचं. शेण गोळा करताना मी एकटीच सगळी कामं करायची. म्हशीला प्रधान करायची. राणीचं काम मिळालं पाटलांच्या नातीला. ती दिसायला गोरी, पण दोन ओळी झाल्या की तिची गाडी पंक्चर.

गुरुजी मला म्हणाले, "तू हुशार आहेस. तू पडद्यामागं उभी राहा. ही विसरली की सांग."

मला केवढा आनंद झाला! गुरुजींनी हुशार म्हटलं. मग दुसऱ्या मास्तरांशी ते हळू बोलले, तेही मला ऐकू आलं. "हिला राणी म्हणून उभी केली तर गाव नारळ फोडायला तरी येईल का?"

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी शाळेच्या अंगणात पडदा बांधला. पडदा म्हणजे गुरुजींच्या घरची चादर. पाटलांची नात तिसऱ्या ओळीला अडली. मी मागनं सांगितलं. ती परत अडली. मी परत सांगितलं. मग ती नुसतीच तोंड हलवायला लागली आणि राणीचं सगळं भाषण मी चादरीमागनं म्हटलं. दणक्यात म्हटलं. टाळ्या पडल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तो पाटलांच्या नातीला.

आई सगळ्यात मागं, चिंचेखाली उभी होती. आमच्या बायका तिथंच उभ्या राहायच्या. तिनं आवाज ओळखला. शेजारणीला म्हणाली, "माझी पोर बोलतीया." शेजारीण म्हणाली, "गप बस गं, पाटलाची हाय ती."

घरी आल्यावर मला वाटलं आई जवळ घेईल. आईनं भाकरी थापता थापता एकच विचारलं.

"तोंड का न्हाय दाखवलंस?"

मी म्हटलं, "गुरुजींनी मागं उभं केलतं."

आईनं भाकरी उलटली. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं पन्नास-बावन्न वर्षं सापडलं नाही. आई गेली तेव्हाही ते देणं बाकीच होतं.

मधली वर्षं थोडक्यात सांगते. लग्न होऊन कोल्हापुरात आले. मालक कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत होते, मी अंगणवाडीत मदतनीस. तीस वर्षं मी पोरांना गोष्टी सांगितल्या. कोल्ह्याची गोष्ट सांगताना कोल्हा झाले, म्हातारीची सांगताना म्हातारी. मला कुणी नाटक शिकवलं नाही. मी एसटी स्टँडवर शिकले. कुणाला सोडायला आलेली बाई गाडी हलल्यावर काय करते, बघा कधी. रडत नाही. पदर नीट करते. पिशवी या हातातनं त्या हातात घेते. आणि गाडी वळली की मग तिचा चेहरा उतरतो. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी आजही हेच सांगते. रडायला जाऊ नका रे. रडू दाबायला जा. माणूस रडू दाबतो तेव्हा बघणाऱ्याला रडू येतं.

मालक गेले, मी अंगणवाडी सोडली, आणि त्याच सुमाराला आमच्याकडं एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं. कागल रोडला शेतात एक मोठा बंगला भाड्यानं घेतलेला. गर्दीला माणसं पुरवायचं काम आमच्या गल्लीतल्या संपतकडं. मी त्याला शेंबडा असल्यापासनं ओळखते, माझ्याच अंगणवाडीतला. तो म्हणाला, "आक्का, चला की. लग्नाच्या सीनला बायका पायजेत. नुस्तं बसायचं."

बसले. लग्नात बसले, बारशात बसले, मयतीत बसले. एकदा अंगण झाडलं. मग दर वेळी अंगण झाडणारी मीच. "मावशींच्या हातात झाडू शोभतो," असिस्टंट म्हणायचा, आणि त्याला ती तारीफ वाटायची.

क्यू देण्याचं काम मला असंच लागलं. क्यू म्हणजे काय ते सांगते. दोन माणसं बोलत असतात, पण कॅमेरा एका वेळी एकाच्याच तोंडावर असतो. मॅडमचा क्लोजअप चालू असला की समोरच्यानं कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे मॅडमना उत्तर देता येतं. मालिकेतली आजी करणाऱ्या थोरल्या बाई पुण्याच्या. त्यांचे गुडघे दुखायचे. स्वतःचा क्लोजअप झाला की त्या व्हॅनमध्ये जाऊन पडायच्या. मग त्यांची वाक्यं असिस्टंट वाचायचा. कशी? फलाटावर गाड्यांची नावं पुकारतात तशी. मॅडमच्या डोळ्यांत काही पाणी येईना. ग्लिसरीन घालून घालून डोळे लाल झाले.

मी झाडू घेऊन कोपऱ्यात होते. तोंडातनं निघून गेलं, "मी म्हणू का?"

म्हटलं. सगळा सीन पाठच होता, ऐकून ऐकून. मॅडम ग्लिसरीनशिवाय रडल्या. डायरेक्टर म्हणाले, "अरे वा, मावशी!"

त्या दिवसापासनं चार वर्षं मी आजीची वाक्यं म्हटली. मला कॅमेऱ्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. गर्दीतल्या बायका माझ्या खुर्चीवर जळायच्या. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "मावशींशिवाय माझं रडणंच होत नाही." मी ते घरी येऊन आरशाला सांगायची. वेडी बाई. तीच गुरुजींची "हुशार". तीच चादर. फक्त आता खुर्ची होती.

आणि एक आशा होती. डायरेक्टर म्हणायचे, "मावशी, पुढच्या ट्रॅकला तुमच्यासाठी रोल काढतो." पुढचा ट्रॅक यायचा, जायचा. मी एक हिरवं इरकल इस्त्री करून पिशवीत ठेवलं होतं. रोज न्यायचे, रोज आणायचे. घडीच्या रेषेवर ते विरायला लागलं, मग घडी बदलली. सोडून यावं असं मनात येत नव्हतं का? यायचं की. पण इथनं गेले तर संपलंच, असं वाटायचं. थांबले तर निदान कॅमेरा तीन हातांवर तरी आहे. तीन हात, बघा. चार वर्षांत ते दोन झाले नाहीत.

मग थोरल्या बाईंनी मालिका सोडली. गुडघ्यांनी हातच टेकले. आजी तर पाहिजे होती. आजी घर सोडून जाते, तो मोठा सीन तोंडावर आलेला. संपत पळत आला. "आक्का, तुमची लुक टेस्ट घ्यायला लागलेत! इरकल काढा भायेर!"

इरकल नेसले. नथ घातली, खोटीच, चापाची. मेकअपवाल्या पोरीनं केस बांधले. बंगल्याच्या बैठकीत झोपाळ्यावर बसवलं. चार वर्षं ज्या झोपाळ्याखालचं झाडत होते, त्याच्यावर. कॅमेऱ्यात लाल दिवा लागला. डायरेक्टर म्हणाले, "बोला." मी आजीचं भाषण बोलले. संपल्यावर लाईटवाला तानाजी वर शिडीवर बसून डोळे पुसत होता. हे मी डोळ्यांनी बघितलं.

सगळे मॉनिटरभोवती जमले. मला तिथनं पडदा दिसत नव्हता, त्यांच्या पाठी दिसत होत्या. मग डायरेक्टरांचा आवाज. हळू. पण माझे कान पडद्यामागं तयार झालेले.

"आवाज काय आहे यार. पण चेहरा घरंदाज नाही. मालकीण वाटत नाही, कामवालीच वाटतेय."

कुणीतरी म्हणालं, "मेकअपनं उजळ करू."

"रंगाचं नाही रे. ते दिसतंच."

ते म्हणजे काय, ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. संपतनं माझी गल्ली पहिल्याच दिवशी सांगितली होती. घरंदाज. माझं घर नाही का? माझ्या घराचा उंबरा मी रोज पुसते. माझ्या सासूनं चार पोरं शिकवली त्या घरात. पण घरंदाज म्हणजे कुठलं घर, ते ठरलेलं आहे, आणि ते ओढ्याच्या अलीकडचं.

मी नथ काढून मेकअपवाल्या पोरीच्या हातात दिली. इरकल सोडायला गेले तर असिस्टंट म्हणाला, "राहू दे मावशी, असंच या. मॅडमचा क्लोजअप करून घेऊ."

कारण तेवढ्यात फोनवर दुसरी आजी ठरली होती, पण ती चार दिवसांनी येणार होती. त्यांची पद्धत अशी, की मॅडमची बाजू आज शूट करायची आणि आजीची बाजू नंतर. तोवर आजीची वाक्यं मावशी म्हणतील. नेहमीसारखी.

त्या सीनमध्ये आजी नातसुनेची हनुवटी धरते. म्हणून मला एकदम समोर, कॅमेऱ्याला चिकटून उभं केलं. मी पहिलं वाक्य म्हटलं. मॅडमना हसू फुटलं.

"सॉरी सर. मावशी समोर असल्या की मला आजी वाटतच नाही हो. झाडू घेतलेली मावशीच दिसते."

सगळे हसले. मीही हसले. मग मी विचारलं, "मॅडम, चार वर्षं माझ्याकडं बघूनच बोलताय की."

"नाही हो मावशी. मी टेपकडे बघते ना. कॅमेऱ्याच्या बाजूला चिकटवतात ती."

चार वर्षं. मला वाटत होतं, ही पोर माझ्याकडं बघून रडते. माझ्या डोळ्यांतलं तिच्या डोळ्यांत जातंय, असं वाटत होतं. आणि ती बोटभर टेपकडं बघत होती.

तेव्हा तो थर्माकोलचा बोर्ड आला.

मागं अंधार होता. माझ्या नाकाला थर्माकोलचा वास. समोर वीत-दीड वीत अंतरावर पांढरं, त्याच्या पलीकडं सगळा उजेड. पहिला टेक मी दिला. हो, दिला. जीव ओतून दिला. आजीचं वाक्य होतं, "माझ्याकडं बघून बोल, पोरी." ते मी बोर्डाला म्हटलं. पलीकडं मॅडम हमसून रडल्या. कट. टाळ्या. "काय दिलंत मॅडम!"

"एक अजून टाइट घेऊ, चेहऱ्याच्या जवळ," डायरेक्टर म्हणाले. "मावशी, परत तस्संच हं."

तस्संच. पलीकडं ॲक्शन झाली. माझी पाळी आली. तोंड उघडलं. आणि आई दिसली. चिंचेखालची नाही, चुलीपुढची. भाकरी उलटणारी.

मी तोंड मिटलं.

"क्यू!" असिस्टंट ओरडला. "मावशी, क्यू!"

मी हातानं बोर्ड बाजूला केला. थर्माकोल हलकं असतं हो. एका हातानं सरकतं. आयुष्यभर मला तो डोंगर वाटला होता. फरशीवर घासून किरकिर वाजला आणि आडवा झाला. मॅडमच्या गालासाठी लावलेला दिवा थेट माझ्या तोंडावर आला. ऊन पडल्यासारखा. मी दोन पावलं पुढं गेले, मॅडमची हनुवटी धरली, आणि म्हटलं,

"माझ्याकडं बघून बोल, पोरी."

मॅडमनी बघितलं. पहिल्यांदा. आणि खाली बघितलं. त्यांना पुढचं वाक्यच आठवेना.

"कट! मावशी, काय चाललंय हे?"

"क्यू दिला, सर."

"बोर्ड का पाडला?"

"त्याच्या मागनं माझं तोंड दिसत नव्हतं."

डायरेक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "दिसायचंच नव्हतं ना ते!"

हे त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. आत्तापर्यंत मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. गुरुजींनीसुद्धा नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तानाजी शिडीवरनं उतरला, त्यानं बोर्ड उचलला, झटकला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, जरा बाजूला व्हा, लाईट अडतीया." त्याला घरची पोटं भरायची होती. मी त्याला बोल लावत नाही. मी माझी पिशवी घेतली आणि इरकलातच रस्त्याला लागले.

संपत फाट्यापर्यंत मागं आला. "आक्का, माझं कशाला वाटोळं करता वो? नुस्तं बोलायचं हुतं की! चार वर्सं बोलला, आजच काय झालं?"

"चार वर्षं कळलं नव्हतं."

"काय कळलं न्हवतं?"

"टेप."

त्याला काही समजलं नाही. माझी एसटी आली.

तो सीन टीव्हीवर लागला. मी बघितला. नव्या आजी गोऱ्यापान, घरंदाज. त्यांनी माझं वाक्य माझ्यासारखंच ओढून म्हटलं. माझा पहिला टेक ऐकवला असणार त्यांना. आणि मॅडम रडल्या. तो पहिलाच टेक होता, मी बोर्डाला बोलले तो. गल्लीतल्या बायका माझ्या घरात बसून रडल्या. "काय रडती गं ही पोरगी!" कुणाला सांगू, की ते रडू माझं आहे? सांगितलं असतं तरी कुणाला खरं वाटलं असतं? शेजारीण म्हणाली असती, गप बस गं.

त्यानंतर फोन बंद झाले. कुणाचेच आले नाहीत.

आता रविवारी दुपारी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये सात-आठ पोरं-पोरी येतात. फी नाही, चहा ज्याचा त्यानं. ॲक्टिंग शिकवा म्हणतात. मी काय शिकवणार? पहिला महिनाभर नुसतं समोरासमोर बसवते. बोलायचं नाही. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. दोन मिनिटं. जमत नाही हो कुणाला! हसतात, खाजवतात, मोबाईल काढतात. म्हणते, हे जमलं की मग वाक्यं. ऐकणं म्हणजेच निम्मं काम आहे. समोरचा बोलत असताना तुम्ही तुमच्या वाक्याची वाट बघत बसला तर ते कॅमेऱ्यात दिसतं. दिव्याकडं बघू नका, दिवा गालावर कळला पाहिजे. हाताला काहीतरी काम द्या, रिकामा हात खोटं बोलतो. आणि क्यू देताना अर्धा देऊ नका. समोरच्याचा क्लोजअप असला तरी पूर्ण द्या. पण समोर उभं राहून द्या. माझ्या वर्गात मागनं कुणी बोलायचं नाही. कुणी वाक्य विसरलं तर विसरू दे. थांबू दे. त्याची त्याला लाज वाटू दे.

त्यातली प्रज्ञा एमआयडीसीत पॅकिंगला जाते. कुणी तिलाही गर्दीला बोलावलंय. मला म्हणाली, "आक्का, जाऊ का? झाडू द्यायला लागलेत."

मी म्हटलं, "जा. झाडू मारायला लाजू नको, झाडू मारणारी बाई पण माणूसच हाय, नीट कर तिचं काम. पण दुसऱ्या दिवशी परत झाडूच दिला तर इचार त्यांना, का म्हणून. सगळ्यांसमोर इचार. उत्तर त्यांच्या तोंडातनं भायेर येऊ दे."

"आणि घालवलं तर?"

"घालवतील की. मला घालवलं."

तिला मी खोटं सांगू शकत नाही. समोर दार उघडणार आहे, असं मी कुणालाच सांगत नाही. मला ते उघडलेलं दिसलेलं नाही.

गेल्या आठवड्यात संपतचा फोन आला. नवी मालिका. त्यातली आजी मुंबईची आहे, मोठी नटी, पण कोल्हापुरी बोलायला गेली की जीभ वळत नाही.

"आक्का, नुस्ता आवाज पायजे. काचंच्या खोलीत हुबारून बोलायचं. हेडफोन असत्यात. ना ऊन, ना धूळ. सगळी आजी तुमच्याच आवाजात, बघा!"

"आणि तोंड?"

"तोंड त्यांचं."

"नाव?"

"नावाचं काय आक्का आता..."

मी खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. परत वाक्यं म्हणायला मिळणार. दोन वर्षं घशाशी आलेलं बाहेर पडणार. माझं वय त्रेसष्ट. यापुढं मला कोण विचारणार आहे? काचेची खोली. थर्माकोल निदान एका हातानं सरकत होतं.

संपत म्हणाला, "आक्का, ऐकताय न्हवं?"

"संपत," मी म्हटलं, "आवाज पाहिजे असेल तर तोंडासकट ने. तोंड चालत नसेल तर आवाज पण मिळायचा न्हाय."

"आवो, या वयात आता कोण तुम्हाला..."

"व्हय. कोण न्हाय. तरीबी न्हाय."

फोन ठेवला. इरकल अजून त्याच पिशवीत होतं, ते काढून कपाटात ठेवलं. या जन्मात मी कॅमेऱ्यापुढं उभी राहीन असं मला वाटत नाही. बहुतेक नाहीच.

पण आई, तू विचारलं होतंस ना, तोंड का नाही दाखवलंस? गुरुजींनी मागं उभं केलं होतं, हे उत्तर मी आजपासनं मागं घेतलं. त्यांनी उभं केलं आणि मी उभी राहिले. आता राहणार नाही. माझं तोंड कुणाला बघायचं नसेल तर त्यांनी माझ्या आवाजाशिवाय त्यांची आजी बोलती करून दाखवावी. मी एक अक्षर सांगणार नाही.